गंध्याच्या गाडीतून घाटमाथ्यापर्यंत

पायातले बूट इथंच काढा. घड्याळ आणि मोबाईल त्यांच्यातच ठेवा. हे जाडंभरडं सुती वस्त्र कमरेला गुंडाळा, दुसरं डोक्याला बांधा. ऊन तापणार आहे. आता पैठणला गोदावरीच्या काठावर बसा, पाय पाण्यात सोडा, डोळे मिटा. दोन हजार वर्षं मागं जायचंय. नेमकं साल विचारू नका. राज्य सातवाहनांचं आहे, आश्विन सरत आलाय आणि आज गाड्या निघणार आहेत, एवढं पुरे.

डोळ्यांआधी नाक जागं होतं. उगाळलेलं चंदन, गोवऱ्यांचा धूर, ओलं चामडं, मासळी आणि कुठूनतरी तापलेल्या तिळाच्या तेलाचा वास. मग कान. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा, कुणीतरी कुणालातरी शिव्या देतंय, पोर रडतंय. आता डोळे उघडा. समोर नाथसागर नाही. धरणाची भिंत नाही, आणि पाण्यापलीकडचा काठ चक्क दिसतोय. फक्त नदी आहे, पावसाळ्याचा गढूळपणा निवळत आलेली, मधूनमधून वाळूची बेटं उघडी पडलेली. कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून बायका एकमेकींना हाका मारतायत. त्यांचं बोलणं पुरतं कळत नाही, पण परकंही वाटत नाही. ही महाराष्ट्री प्राकृत, आपल्या मराठीची पणजी. नदीला त्या ‘गोला’ म्हणतात.

चला वर. गल्ली अरुंद आहे, अंग चोरून चाला. डोक्यावर मडक्यांची उतरंड घेऊन येणाऱ्या त्या बाईला आधी वाट द्या, ती थांबणार नाही. दोन्ही बाजूंना मणी घडवणारे बसलेत. एकजण सामता चालवतोय. कमानीची दोरी पुढंमागं होते, टोकाशी खड्याला बारीक भोक पडतं आणि किर्रर्र असा आवाज थेट तुमच्या दाढेत शिरतो. बाजूला राखेच्या मंद आचेत खडे तापत ठेवलेत. तापले की मळकट पिवळा रंग लालभडक होतो. एक पोरगं तुमच्याकडं टक लावून बघतं आणि तुमच्या तळहातावर एक खडा ठेवतं. अजून कोमट आहे. प्रकाशात धरा. आत पट्टे दिसतात, पांढरे, तांबूस, मधासारखे.

हा खडा म्हणजे एका बुडबुड्याचा साचा आहे. ज्या काळ्या दगडावर तुम्ही उभे आहात तो एकेकाळी पातळ, उकळता लाव्हा होता. तो थिजताना वायूचे बुडबुडे आतच अडकले. पुढं अनंत काळ पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांत गारेचे थर चढत गेले. मग नदीनं खडक झिजवला आणि खडे वाळूत सोडून दिले. आता ते मणी होऊन पार रोमन लोकांच्या गळ्यात जाणार आहेत. त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ नावाच्या माहितीपुस्तकात लिहून ठेवलंय, की पैठण हे भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तिथून असा दगड गाड्या भरभरून बंदरात येतो. त्याच गाड्या आज निघतायत. भडोचहून जहाजं सुटतात ती उत्तरेकडचा वारा धरून, मार्गशीर्षाच्या आगेमागे. तो वारा चुकला की माल वर्षभर पडून. म्हणून ही घाई आणि म्हणूनच या शिव्या.

तुमची जागा एका गंध्याच्या गाडीत लावली आहे. नशीबवान आहात. मागच्या गाडीत कच्ची कातडी आहेत. तुमच्या गाडीत चंदनाचे ओंडके, वाळ्याच्या मुळ्यांच्या जुड्या, डिंकाच्या टोपल्या आणि झाकणाला मेण लावलेली लहान लहान मडकी. ती हलू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा कोंबलाय आणि त्या पेंढ्यावर तुम्ही. गाडीवान म्हातारा आहे. त्याला आजा म्हणा, सगळे म्हणतात. तो मागं वळून तुमच्या पायांकडं बघतो. “लई मऊ हायेत,” म्हणतो आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळतो.

पैठण मागं पडतं तशी जमीन काळी होत जाते. कापूस फुटलाय. रानभर पांढरे ठिपके, त्यांवर वाकलेल्या बायका, ओट्यात कापूस भरून पोटुशा दिसणाऱ्या. दुपारपर्यंत हे सगळं फार सुंदर वाटतं. मग गाडी थांबते.

चार दिवसांपूर्वी इथं परतीचा पाऊस पडून गेलाय. काळी माती म्हणजे याच काळ्या दगडाचा लाखो वर्षांत झालेला भुगा. पाणी प्यायली की ती फुगते आणि चाकाला अशी चिकटते की आरे दिसेनासे होतात. उतरा खाली. हो, तुम्हीही. सगळेच उतरलेत. पाऊल टाकलंत की माती घोट्यापर्यंत गिळते आणि काढताना चप्प असा आवाज करते. प्रत्येक पावलाला पायाखाली आणखी एक थर चढतो. वीस पावलांत तुम्ही चार बोटं उंच झालेले असता आणि मांड्या भरून आलेल्या असतात. खांदा चाकाला लावा. आजा ओरडतो, बैल गुडघ्यावर येतात, तुमच्या तोंडात माती जाते. चव घेऊन ठेवा. हीच माती उन्हाळ्यात वाळेल तेव्हा तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतील, आणि पहिल्या पावसात वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडून रान आपलंआपणच खालीवर होईल. कापूस, जोंधळा, करडई, जवस, सगळं तिच्यावर. गाव मात्र कुणी काळीवर बांधत नाही. गाव पांढरीवर. काळी पिकवायची, पांढरी राहायची. भिंतीखाली जमीन फुगायला आणि आक्रसायला लागली तर घर उभं कसं राहील?

रात्री मुक्कामाला भाकरी आणि कुळथाचं कढण. पहिला घास घ्याल तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटेल. मिरची नाही. मिरची अजून दीड हजार वर्षं येणार नाही. ती महासागरापलीकडच्या खंडात आहे आणि तिची इथं कुणालाच खबर नाही. कढणात आलं आहे, मिऱ्याचे दोन दाणे आहेत आणि भरपूर धूर आहे. दिवसभर चाक ढकललेल्या माणसाला एवढं पुरतं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही खाम नदीच्या काठानं वर येता. ओळखा बरं कुठं आलात. डोंगररांग ओळखीची वाटते ना? उत्तरेला तीच, सपाट माथ्याची, सुरीनं कापल्यासारखी. इथंच पुढं खडकी वसणार आहे. मलिक अंबर डोंगरातलं पाणी खापरी नळांतून खेळवणार आहे, दरवाजे उभे राहणार आहेत, शहर आपली नावं बदलत जाणार आहे. आज इथं बाभळी आहेत, बोरी आहेत आणि चरायला सोडलेली गुरं. पण जरा कान द्या. डोंगराकडून टक्, टक्, टक् येतंय. तिथं वर कुणीतरी दगडात चैत्य कोरतंय. विद्यापीठामागच्या लेण्यांतलं सगळ्यात जुनं लेणं पाहिलंत ना कधी? ते. छिन्नीचा आवाज अंधार पडेपर्यंत चालू असतो.

इथं तहानेचा पहिला धडा मिळतो. नदीच्या पाण्यात गुरं उतरलीत, ते प्यायला नको. तुम्ही कोरडा घसा घेऊन आजाकडं बघता. तो काही बोलत नाही, नुसतं डोंगराकडं बोट करतो. नीट पाहा. डोंगर सरळ उतार नाही, त्याला पायऱ्या आहेत. काळा कडा, मग थोडं सपाट, पुन्हा कडा, पुन्हा सपाट. आणि एका पायरीच्या तळाशी, सगळीकडं गवत पिवळं पडत असताना, हिरवी ओळ. तिथं एक उंबर आहे. चला तिकडं.

चढताना पाय भाजतात. सूर्य डोक्यावर आहे आणि काळा दगड सकाळपासून तापत बसलाय. उंबराच्या मुळाशी पोहोचता तेव्हा कानशिलं ठणकत असतात. तिथं खडकाला एक आडवी फट आहे, तिच्यात तांबड्या मातीचा पातळ थर आहे आणि त्याच्यावरून पाणी ठिबकतंय. ओंजळ धरा. भरायला वेळ लागतो. पहिला घोट घशातून उतरतो आणि डोळ्यांतच पाणी येतं, इतकं ते गार आहे.

दख्खनचं सगळं भूगोलाचं पुस्तक या फटीत आहे असं मला वाटतं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा वर आला. तेव्हा हिमालय नव्हता. आपला भूभाग आशियाला चिकटलेलाही नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, एखाद्या प्रचंड बेटासारखा उत्तरेकडं सरकत होता. लाव्हा एकदा आला, पसरला, थिजला. मग विसावा. त्या विसाव्यात वरचा पृष्ठभाग झिजून माती झाली. मग पुन्हा लाव्हा आला, त्यानं ती माती भाजून तांबडी केली आणि गाडून टाकली. असं किती वेळा! आज उरलाय तेवढाच हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय आणि पश्चिमेला त्याची जाडी २ किलोमीटरच्याही वर जाते. थरावर थर चढल्यामुळं डोंगर झिजतो तोही पायऱ्या पाडत. भूगर्भशास्त्रज्ञ याला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायरीवाचक स्वीडिश शब्दावरून आलाय.

प्रत्येक थराचा घट्ट भाग पाण्याला आत घेत नाही. वरचा, बुडबुड्यांनी जाळीदार झालेला भाग घेतो. पाऊस त्यातून मुरत खाली जातो, घट्ट थर लागला की अडतो आणि आडवा वाहत डोंगराच्या कुशीतून बाहेर येतो. आजाला यातलं एक अक्षर ठाऊक नाही. त्याला उंबर ठाऊक आहे, हिरवी ओळ ठाऊक आहे, आणि कोणत्या ओळीला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी टिकतं हे बापानं सांगितलेलं ठाऊक आहे. ही वाट अशी वेडीवाकडी का जाते हे आता तुमच्या लक्षात येईल. ती जिथं पाणी ठिबकतं तिथून तिथं जाते.

पुढचे दोन दिवस भरभर सरतात. डावीकडं एक सुटा, शंकूसारखा डोंगर दिसतो. देवगिरीचा किल्ला शोधू नका. त्याचा कडा अजून कुणी तासलेला नाही, खंदक नाही, अंधारी वाट नाही. शेळ्या पार माथ्यापर्यंत चढून गेल्यात. मग वेरूळ. इथं मात्र पोटात कालवाकालव होते. कैलास लेणं नाही. एकही लेणं नाही. नुसता लांबलचक काळा कडा, पश्चिमेकडं तोंड करून बसलेला, आणि वरून पडणारी पाण्याची बारीक धार. संध्याकाळचं ऊन त्याच्यावर पडतं. तुम्ही हात लावून बघता. कोमट, खरखरीत, निर्जीव दगड. तुम्हाला ठाऊक आहे की आत नंदी आहे, हत्ती आहेत, आख्खं मंदिर आहे. शेजारी भाकरी थापणाऱ्या कुणालाही ते ठाऊक नाही. सांगू नका. कुणाचा विश्वास बसणार नाही.

कन्नडच्या बाजूला वळलात की रान दाट होतं. साग, धावडा, खैर आणि कागदासारखी साल सुटलेली सालई. गंध्याचे लोक उतरतात, सालईच्या खोडाला घासलेल्या जागी साचलेला डिंक सुरीनं खरवडतात. थोडा निखाऱ्यावर टाकतात. धूर असा गोड आणि कडवट येतो की मागच्या कातड्यांचा वास दोन घटका विसरायला होतो. रात्री थंडी पडते. दिवसा भाजणारा दगड आता हाडं गोठवतो. दूर लांडगे ओरडतात, बैल एकमेकांना चिकटून उभे राहतात. शेकोटीच्या या बाजूनं अंग भाजतंय, त्या बाजूनं काकडतंय. आजा तुमच्या अंगावर एक घोंगडं टाकतो. त्याला तीन पिढ्यांच्या बैलांचा वास आहे. ओढून घ्या डोक्यावरून.

आठव्या दिवशी गाड्या पठारावर सोडून तुम्ही एका दरीत उतरता. दरीत शिरताच माणसांचा गलबला. भिक्खू, पाथरवट, फुलं घेऊन आलेल्या बायका, ओरडणारी माकडं. ही पितळखोरा लेणी. चैत्यगृहाच्या आत अंधार आहे, तेलाचा वास आहे आणि ओल आहे. गंधी तुम्हाला एका खांबाशी नेतो. त्यावर अक्षरं कोरलेली आहेत. पैठणच्या गंधी कुळातल्या मितदेवानं हा खांब दान दिला, असं ती सांगतात. आपला गंधी त्या अक्षरांवरून बोटं फिरवतो आणि बोटं कपाळाला लावतो. वाटेतल्या दगडातून कमावलेलं या माणसांनी दगडातच घातलं. बाहेर एका बुटक्या, हसऱ्या यक्षाच्या हातावर तो घडवणाऱ्याचं नाव आहे, कान्हदास. आणि तो पाथरवट नव्हता, सोनार होता. म्हणून तर त्या यक्षाच्या दागिन्यांचा एकेक मणी सुटा दिसतो. मला या सगळ्या वाटेवर हाच माणूस भेटावासा वाटतो, सोन्याची सवय असलेला हात काळ्या दगडावर ठेवणारा.

पण तुम्ही आधी त्या नागाकडं चला. विहाराच्या दाराजवळ पाच फण्यांचा नाग कोरलाय. वेरूळचा दगड एकसंध, इथला मात्र ढलप्या सुटणारा आणि पाझरणारा. पावसाळ्यात डोंगरात मुरलेलं पाणी छतातून आत येतं. कारागिरांनी काय केलं? डोंगराशी भांडण केलं नाही. खडकात नाळ कोरून पाण्याला वाट करून दिली आणि ती वाट या नागाच्या फण्यांशी आणून सोडली. खामच्या काठावर जी फट उंबरानं दाखवली, तीच इथं माणसानं फणा काढून दाखवली आहे. आश्विन आहे, धार बारीक झालीय. खाली ओंजळ धरा. तेच गार पाणी.

आता शेवटची चढण. पुन्हा वर, कड्याच्या टोकापर्यंत. जपून, पायाखाली मुरूम सरकतोय.

आणि एकदम जमीन संपते. पुढं काहीच नाही, फक्त वारा. खाली, तीनशेहून अधिक मीटर खाली, खानदेश पसरलाय, धुक्यात निळसर. तिकडून वर येणाऱ्या तांड्याच्या घंटा ऐकू येतात. त्यांच्या गाड्यांत तांबं आहे, कथील आहे आणि समुद्रापलीकडून आलेल्या आंबूस द्राक्षमद्याचे रांजण. आपल्या गाड्यांना उद्या इथून उतरायचंय. मागं ओंडके बांधून, दोर धरून, पायरी पायरीनं.

आजा तुमच्या शेजारी येऊन उभा राहतो. कमरेची तुंबडी सोडतो आणि थोडं पाणी कड्याच्या अलीकडं ओततो, थोडं पलीकडं. हा त्याचा दर खेपेचा नेम आहे. अलीकडचं पाणी शिवनेला मिळेल, तिथून गोलेला, आणि मग हजार कोसांसारखी वाटणारी वाट तुडवत पूर्वेच्या समुद्राला. पश्चिमेचा समुद्र जवळ असून गोदावरी तिकडं जात नाही, कारण सगळं पठारच पूर्वेला कललेलं आहे. त्र्यंबकेश्वरहून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. गोदावरी मात्र १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराकडं जाते. कड्यापलीकडं ओतलेलं पाणी गिरणेला, गिरणेतून तापीला आणि तापीतून पश्चिम समुद्राला. एका तुंबडीतलं पाणी देशाच्या दोन टोकांना. आजानं दोन्हीपैकी एकही समुद्र पाहिलेला नाही. तो नुसता वाकून, पाणी जिरलं का ते बघतो.

त्याच्या खांद्यावर हात ठेवा. निरोप घ्या. तो तुमच्या पायांकडं बघतो, आठ दिवसांत त्यांना भेगा पडल्यात, टाचा काळ्या झाल्यात. या वेळी तो काही म्हणत नाही, मान हलवतो.

डोळे मिटा. उघडा. बूट जिथं ठेवले होते तिथंच आहेत. समोर नाथसागर पुन्हा भरलेला आहे आणि पैठणची बस सुटायच्या तयारीत आहे. खिडकीची जागा धरा आणि शहराच्या दिशेनं जाणाऱ्या जलवाहिनीची आठवण ठेवा. गोदावरीचं पाणी आजही पैठणहून निघून, पंपांनी शंभर मीटरहून अधिक उंचावर चढवलेलं, खामच्या काठावरच्या शहरात पोहोचतं. त्या गाड्या चढल्या तोच हा चढ. त्या शहरातल्या घरांत नळाला येतं ते पाणी याच चढानं येतं.